मास्कखाली जीव घाबरतो, शेक सोडून देऊ का?

प्रश्न: माझं वय ४८. वीस-पंचवीस वर्षं मिश्री लावत होते. डाव्या गालाच्या आत जखम झाली, ती भरेना, तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठीही काढल्या. त्याला आता पाच आठवडे झाले. डॉक्टरांनी ३० शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितलेत. त्यासाठी चेहऱ्यावर जाळीचा मास्क बनवला. तो गार होताना आवळत गेला तेव्हाच मला दरदरून घाम फुटला, पण कसंबसं निभावलं. शेकाच्या पहिल्या दिवशी मात्र मास्क टेबलाला अडकवला, दिवे कमी केले आणि मी ओरडले. त्यांनी लगेच काढला. तिथली एक मुलगी म्हणाली, "लहान लहान मुलं घेतात हो, तुमचं काय एवढं!" मी घरी निघून आले. त्याला चार दिवस झाले.

माझं माहेर किल्लारीच्या जवळचं. भूकंपात मी सोळा वर्षांची होते, माळवदाखाली सापडले. चांगलं उजाडल्यावर मला बाहेर काढलं. धाकटा भाऊ गेला. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. आजही दाराला आतून कडी लावून झोपत नाही, लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. मालक म्हणतात, ऑपरेशन झालंय ना, नको तो शेक. शेजारणी म्हणतात, शेकानं माणूस आतून जळतो. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्याला सांगायची लाज वाटते. मास्कशिवाय शेक देता येत नाही का? नाहीच जमलं तर काय?

उत्तर:

ताई,

आधी एक काम करा. उद्या सकाळी हॉस्पिटलच्या रेडिएशन विभागात फोन लावा, किंवा घरातल्या कुणाला लावायला सांगा. एवढंच सांगायचं: "मी शेक सोडलेला नाही. मला मास्कची भीती वाटते, त्यासाठी डॉक्टरांना भेटायचंय." हा निरोप गेला की बाकीचं पत्र सावकाश वाचा.

एवढी घाई का, तेही सांगते. ऑपरेशनमध्ये सर्जननी डोळ्यांना आणि हाताला लागलं ते सगळं काढलं. पण गालाच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः मानेतल्या गाठीपर्यंत आजार पोचला असेल तर, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा पेशी मागे राहिलेल्या असू शकतात. त्यांच्यासाठी हा शेक. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत तो सुरू व्हावा असं डॉक्टर बघतात, आणि तुमचे पाच उलटून गेलेत. शिवाय एकदा सुरू झाला की मध्ये खंड पडू द्यायचा नसतो. डोकं आणि मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार जितके दिवस लांबतील, तितका आजार आटोक्यात राहण्याचा संभव दर वाढीव दिवसामागे साधारण टक्का-दीड टक्का घटतो. म्हणून मालकांचं "नको तो शेक" हे प्रेमापोटी आलेलं असलं तरी मानू नका. गेलेले चार दिवस भरून निघतील. चार आठवडे गेले तर अवघड होईल.

आता तुमच्या भीतीकडे येते. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटाकडे, जाता जाता लिहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र, दमूनभागून झोपलेली गावं, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. जवळजवळ दहा हजार माणसं गेली त्या पहाटे. तुम्ही त्या मातीखालून जिवंत बाहेर आलात. आता बघा, शेकाच्या खोलीत तुमच्यासोबत काय काय झालं. तुम्हाला उताणं झोपवलं. चेहरा आणि खांदे दाबून धरले गेले. अंधार झाला. सगळी माणसं बाहेर जायला निघाली. तुमच्या देहाला ही खूण ओळखीची होती आणि त्यानं बत्तीस वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं तेच केलं: ओरडला, सुटका मागितली. यात भित्रेपणा कुठे आहे?

त्या मुलीला तुमच्या किल्लारीची कल्पना नव्हती, म्हणून ती तसं बोलून गेली. पण तिचं म्हणणं अर्धवट आहे. लहान मुलांना पुष्कळदा रोज भूल देऊन शेक देतात, कारण मास्कखाली ती निजून राहूच शकत नाहीत. मोठ्यांनाही हे जड जातं. रेडिएशन विभागात समुपदेशक म्हणून बसते, तेव्हा मास्कच्या पहिल्या दिवशी थरथरत बाहेर आलेली माणसं मी नेहमी बघते. त्यात पैलवान असतात, फौजेतून आलेले असतात, बाळंतपणं करणाऱ्या सुईणीही असतात.

मास्कशिवाय शेक देता येत नाही का? तुमच्या आजारात नाही, ताई. मास्क कशासाठी आहे हे कुणी नीट सांगितलं नसेल तर ऐका. किरण काही मिलिमीटरच्या हिशेबानं सोडलेले असतात. गालाच्या आणि मानेच्या त्या भागाला खेटूनच लाळेच्या ग्रंथी आहेत, जबड्याचं हाड आहे, मागे मज्जारज्जू आहे. मान जरा कलली तरी किरण नको तिथे पडतील आणि हवे तिथे कमी पडतील. रोज, सहा आठवडे, त्याच जागी तसंच झोपायचं हे माणसाला आपण होऊन जमत नाही, म्हणून तो साचा. तुमच्या त्वचेवर रेघा न मारता त्या मास्कवर मारता येतात, हाही त्याचा एक फायदा.

पण मास्क आहे तसाच घ्यावा लागतो असं नाही, आणि हे रुग्णांना फार कमी वेळा सांगितलं जातं. डोळ्यांच्या जागी जाळी कापता येते. तोंडापाशीही बऱ्याचदा कापता येते. काही ठिकाणी कपाळ आणि हनुवटी धरून चेहरा मोकळा ठेवणारे मास्क वापरतात. तुमच्या बाबतीत मान आणि खांदा धरणं भाग असणार, पण डोळे मोकळे मिळाले तर तुमचं निम्मं काम होईल असं मला वाटतं, कारण तुम्हाला छत दिसत राहील. कापल्यावर मास्क पुरेसा घट्ट बसतो की नाही हे त्यांना तपासावं लागतं, कधी नवा मास्क आणि नवा स्कॅनही करावा लागतो. म्हणून हे शेक सुरू होण्याआधीच सांगायचं. दहाव्या दिवशी सांगितलं तर खोळंबा होतो.

डॉक्टरांसमोर गेल्यावर सगळी हकीकत सांगत बसायची गरज नाही. एक वाक्य पुरे: "मी किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्याखाली अडकले होते, तोंडावर काही घट्ट आलं की माझा जीव जातो." ही ओळ तुमच्या फाइलवर लिहून ठेवायला सांगा. यंत्र चालवणारा टेक्नॉलॉजिस्ट रोज वेगळा असू शकतो, प्रत्येकाला नव्यानं सांगण्याचा त्रास वाचेल.

मग त्यांच्याकडे तालीम मागा. त्या दिवशी शेक द्यायचा नाही, फक्त सराव करायचा. आधी मास्क हातात घ्या. तो प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात पोळीसारखा लवचीक होतो आणि गार झाला की चेहऱ्याच्या घडणीवर कडक बसतो, एवढंच आहे ते. त्याच्या भोकांतून बोटं आरपार घालून बघा. आमच्याकडे एका शिंपीकाकांनी तो उलटा धरून त्यातून माझ्याशी पाच मिनिटं गप्पा मारल्या होत्या, आणि हवा सगळीकडून येतेजाते हे कळल्यावर त्यांचे खांदे सैल झाले. तुम्हीही खुर्चीत बसूनच तो चेहऱ्याला लावा, हातानं धरून. काढा. पुन्हा लावा. मग टेबलावर झोपून, क्लिपा न लावता. मग एका बाजूची क्लिप. मग सगळ्या क्लिपा, पण दिवे लख्ख आणि टेक्नॉलॉजिस्ट शेजारी उभे. ज्या पायरीवर धडधड वाढेल तिथेच थांबायचं, धडधड थोडी ओसरली की पुढची पायरी. घाबरून उठायचं आणि पळायचं असं झालं की भीती आणखी पक्की होते, म्हणून मधल्यामध्ये थांबणं फार उपयोगाचं.

तालमीत एक गोष्ट मुद्दाम करून घ्या. तुम्ही हात वर केल्यापासून मास्क निघेपर्यंत किती वेळ लागतो, ते त्यांना प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. ते बाहेरच्या पडद्यावर तुम्हाला सतत बघत असतात आणि माइकवरून बोलूही शकतात. हात कोपरापासून वर केला की यंत्र थांबवतात आणि आत येतात. काही ठिकाणी हातात दाबायची घंटी देतात. मध्येच थांबवलं म्हणून त्या दिवसाचा शेक फुकट जात नाही, जिथे थांबला तिथून उरलेला पुढे देता येतो. सुटकेची किल्ली आपल्या हातात आहे हे एकदा डोळ्यांनी बघितलं की बहुतेक जण ती वापरतच नाहीत.

त्या खोलीत तीन गोष्टी अशा आहेत ज्या तुम्हाला, विशेषतः तुम्हालाच, दचकवतील. त्या आधी माहीत असू द्या. पहिली, दिवे. भिंतीवरून येणाऱ्या लेझरच्या रेघा मास्कवरच्या खुणांशी जुळवताना दिवे थोडा वेळ मंद करतात. "दिवे कमी करण्याआधी मला सांगा आणि जुळवून झालं की लगेच लावा," असं सांगून ठेवा. दुसरी, टेबल. आधी ते उंच जातं, आणि स्कॅन झाल्यावर बाहेरून बटण दाबून थोडंसं सरकवतात. खालची जागा आपोआप हलते. भूकंपातून आलेल्या माणसाला ते काय वाटेल हे त्यांच्या डोक्यात येणार नाही, तुम्हीच सांगा: "टेबल हलवण्याआधी माइकवरून बोला." तिसरी, आवाज. यंत्राचं डोकं तुमच्याभोवती फिरतं तेव्हा घरघर होते, शेक चालू असताना गुणगुण किंवा टकटक ऐकू येते. ते तुम्हाला शिवत नाही, भाजत नाही, दुखत नाही. आणि बहुतेक यंत्रं बाजूंनी मोकळी असतात, एमआरआयसारखं बोगद्यात जावं लागत नाही.

वेळेचा अंदाज असू द्या. पहिल्या दिवशी तपासण्या जास्त म्हणून वेळ लागतो. पुढे खोलीत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत साधारण दहा ते वीस मिनिटं, त्यातला बराच वेळ जुळवाजुळवीत जातो. प्रत्यक्ष किरण चालू असतात ते थोडीच मिनिटं, यंत्रागणिक कमीजास्त. त्यांना सांगा, "अर्धं झालं", "शेवटचं एक मिनिट" असं माइकवरून कळवत जा. ढिगाऱ्याखाली सगळ्यात भयंकर काय असतं, तर हे कधी संपणार ते माहीत नसतं. इथे ते माहीत असू शकतं.

श्वासाबद्दल. घाबरलं की आपण भराभर वरवर श्वास घेतो, त्यानं चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि हवाच मिळत नाहीय असं वाटू लागतं. हवा मिळत असते. अशा वेळी मोठा श्वास आत ओढू नका, सोडण्याकडे लक्ष द्या. नाकानं चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. या शेकात श्वास रोखून धरायची गरज नसते, आणि आवंढा गिळायचा झाला तर हलकेच गिळला तरी चालतं. भस्त्रिका, कुंभक असले प्रकार आत्ता बाजूला ठेवा. घरी दिवसातून दोनदा चटईवर उशी न घेता, हात बाजूला ठेवून हा सराव करा. दोनेक दिवसांनी चेहऱ्यावर कोरडा, पातळ सुती रुमाल नुसता टाकून करून बघा. ओला नको, बांधायचा तर मुळीच नाही, आणि मालक किंवा घरातलं कुणी शेजारी हवं. भीतीची लाट आलीच, तर ती वर चढते आणि साधारण दहा मिनिटांच्या आत उतरू लागते. ती कायम तशीच राहत नाही.

डोळे उघडे ठेवून छताकडे बघा आणि मनातल्या मनात स्वतःला सांगत राहा: हे हॉस्पिटल, आज अमुक वार, दिवा चालू आहे, बाहेर माझा माणूस बसलाय. नामस्मरण करत असाल तर ते करा, फक्त ओठ न हलवता. गाणी लावता का, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी लावतात.

एवढं करूनही अंग ऐकत नसेल तर गोळी आहे, आणि ती घेण्यात काही कमीपणा नाही. लोराझेपाम किंवा क्लोनाझेपामसारखं औषध अगदी कमी मात्रेत, शेकाच्या अर्धा-एक तास आधी देतात. ठरावीक दिवसांपुरतं, डॉक्टरांच्या नजरेखाली. शेजाऱ्यापाजाऱ्याची झोपेची गोळी मागून घेऊ नका. पुढे तोंड आल्यावर दुखण्यासाठी ट्रामाडॉल किंवा मॉर्फीन सुरू झालं तर ही गोळीही चालू असल्याचं आवर्जून सांगा, कारण दोन्ही मिळून गुंगी आणि श्वास मंदावणं वाढू शकतं. गोळी घेतलेल्या दिवशी सोबत माणूस हवाच. हॉस्पिटलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक असेल तर भेट मागा. नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं.

एक बारीक गोष्ट, पण तिच्यामुळे मास्क उगाच आवळतो. केस. साचा बनवताना जसे केस होते तसेच रोज ठेवा. मागे अंबाडा नको, पिना नकोत, सैल वेणी एका बाजूला. मंगळसूत्र, कानातले, चमकी घरीच काढून जा. मोकळ्या गळ्याचा ब्लाउज किंवा गाऊन घाला. आत जाण्याआधी लघवीला जाऊन या.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येईल, लाळ चिकट होईल, आणि उताणं झोपल्यावर घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटेल. सरावलेली माणसं त्या दिवसांत पुन्हा घाबरतात आणि त्यांना वाटतं आपण परत पहिल्या दिवसावर आलो. ते तसं नसतं, ते चिकट लाळेमुळे असतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा आणि चमचाभर मीठ घालून ठेवा, दिवसभर गुळण्या करा आणि खोलीत शिरण्याच्या अगदी आधी एकदा करून सगळं थुंकून टाका. नाक चोंदलं असेल तर आधी सांगा. चेहरा सुजून मास्क टोचायला लागला, किंवा वजन उतरून तो ढिला झाला, तर तोही सांगायचा, नवा बनवता येतो. म्हणूनच खाण्यापिण्याची हेळसांड होऊ देऊ नका. गिळवत नसेल तर नाकातून नळी घालतात. काही आठवड्यांचा प्रश्न असतो.

मिश्रीचं तुम्ही "लावत होते" असं लिहिलंत, म्हणजे सोडली असावी. फार चांगलं केलंत. पण इतक्या वर्षांची मिश्री सुटते तेव्हा काही आठवडे जीव कासावीस होतो, चिडचिड होते, झोप उडते. तुमच्या आत्ताच्या घाबरेपणात त्याचाही वाटा असू शकतो, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. मन शांत व्हावं म्हणून पुन्हा डबीकडे हात जाऊ देऊ नका. १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर तंबाखू सोडणाऱ्यांना मदत मिळते.

शेजारणींना सांगा, या शेकानं माणूस आतून जळत नाही. कातडी काळवंडते, तोंड येतं, थकवा येतो, चव जाते, हे खरं आहे आणि त्यातलं बरंचसं पुढे सुधारतं. तोंडाचा कोरडेपणा मात्र पुष्कळ दिवस रेंगाळू शकतो. तुमच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. घरात लहान मूल असेल तर खुशाल कुशीत घ्या.

किल्लारीची जी जखम आहे, कडी न लावता झोपणं, भावाचं जाणं, ती या सहा आठवड्यांत भरून काढायला जाऊ नका. आत्ता फक्त ३० दिवस पार पाडायचेत. शेक संपून अंगात ताकद आली की मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन त्यावर नीट उपचार घ्या. इतक्या वर्षांनीही त्याचा उपयोग होतो.

आणि मुलाला आजच सांगा. त्याला जन्मापासून आई लिफ्ट टाळताना, दार उघडं ठेवून झोपताना दिसत आली असेल, कारण माहीत नसेल. मामा कसा गेला हेही त्यानं दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असेल. शिवाय तुम्हाला तो व्यवहारासाठीही हवाय: रोजचं जाणंयेणं ठरवायला, डॉक्टरांशी बोलायला, वडिलांची समजूत घालायला. तालमीच्या दिवशी आणि पहिल्या दोन-तीन शेकांना तो रजा टाकून आला तर उत्तम. यंत्र सुरू होईपर्यंत त्याला आत तुमच्याजवळ थांबू देतील का आणि नंतर बाहेरून माइकवर बोलू देतील का, हे विचारा. सगळीकडे देतात असं नाही, पण कारण सांगितलं की पुष्कळदा देतात. मी तुमच्या जागी असते तर उद्याचा फोनही त्यालाच करायला लावला असता.